भरिताच्या राखेतला शेंदूर

माघ लागला की धुळ्यात संध्याकाळच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. पांझरा नदीच्या पलीकडच्या शेतांतून धूर येतो. कपाशीची शेवटची वेचणी झालेली असते, उपटलेल्या पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या, बांधावर रचलेल्या असतात, आणि ज्यांना त्या घरी न्यायला सवड नसते ते तिथेच काडी लावतात. समोरच्या घरातल्या काकू नाकाला ओढणी लावून म्हणतात, "आला बाई यांचा धूर." मी मान हलवते, खिडकी ओढून घेते आणि बोटभर फट ठेवते. हे काकूंना माहीत नाही.

त्या फटीतून वास येत राहतो. लाकडाचा धूर वेगळा, तुराट्यांचा वेगळा. पऱ्हाटीच्या धुराला कोरड्या कापडाचा आणि थोडा करपलेल्या गुळाचा वास असतो. इतरांचे डोळे चुरचुरतात. मला भूक लागते.

पण यंदा वासाबरोबर काळजीही आली. मी ज्या कॉलेजात शिकवते तिथल्या फ्रिजमध्ये बारा परीक्षानळ्या आहेत. त्यांच्यावर माझ्या अक्षरात मराठीत लिहिलंय, अक्का १, अक्का २, असं बारापर्यंत. मुलं विचारतात, "मॅडम, अक्का कोण?" मी सांगते, "ज्यांच्या चुलीतून ही बुरशी आली, त्या." मुलं एकमेकांकडे बघतात. मी विनोद फारसे करत नाही, त्यामुळे हसायचं की नाही ते त्यांना कळत नाही. एरवी या बाराही नळ्यांत बुरशीचा शेंदरी कापूस फुललेला असतो. यंदा तो पांढरट पडलाय, शिळ्या भातासारखा. सहा वर्षं मी तिला एका नळीतून दुसऱ्या नळीत नेत आले, आयती साखर खाऊ घालत आले. आयतं खाऊन ती काम विसरली. आता तिला पुन्हा जिथून आणली तिथूनच आणायला हवी, नाहीतर ती गेली. आणि तिथून आणायची तर कुणीतरी भरीत करायला हवं, आणि ते मी मागायला हवं.

मागणं मला कधीच जमलेलं नाही.

सहा वर्षांपूर्वीच्या माघात मी जळगावला शिकत होते, शेवटचं वर्ष. मेहरूण तलावाजवळच्या एका गल्लीत खोली घेतली होती. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. घरात मराठी, पण बेताची. जेवायला ये, अभ्यास झाला का, दार लाव, एवढी. त्यामुळे मला बुरशीच्या तंतूंची तीन इंग्रजी नावं येत होती आणि पऱ्हाटी हा शब्द माहीत नव्हता. प्रकल्पाच्या पहिल्या पानावर मी 'ॲग्रिकल्चरल वेस्ट' असं ठळक अक्षरांत लिहिलं होतं. कपाशीच्या काड्यांवर तंतूची बुरशी वाढवायची. भरपूर हवा दिली तर ती काडी खाऊन स्वतःचं अंग वाढवते, त्या अंगात प्रथिनं असतात, ती शेळ्या-कोंबड्यांच्या खाद्यात घालता येतात. हवा तोडली तर तीच बुरशी काडीतल्या साखरेची दारू करते, ती इंधनात मिसळता येते. कागदावर हे फार सोपं दिसत होतं.

कॉलेजात काड्या भिजवायला जागा नव्हती. आमच्या सरांच्या ओळखीचे एक शेतकरी एरंडोल आणि पारोळ्याच्या मधल्या एका गावात राहत. सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांच्या गोठ्यात एक पिंप आणि वर माळा मिळेल असं ठरलं. दिवाळीपासून दर शनिवारी मी धुळ्याच्या एसटीत बसायची आणि मध्येच उतरायची. पहिल्या दिवशी नानांना मी काय करणार ते सांगितलं. आदल्या दिवशी वाक्यं पाठ केली होती.

नानांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "वेस्ट म्हंजे?"

"वाया गेलेलं."

ओसरीवर लसूण सोलत बसलेल्या त्यांच्या बायकोने, अक्कांनी, मान वर केली. "वाया? वं माय! मंग भरीत कसावर भाजतस?"

याचं उत्तर प्रकल्पाच्या कुठल्याच पानावर नव्हतं. नानांना मात्र दुसऱ्याच गोष्टीत रस होता. "दारू व्हस म्हने काड्यासनी? म्हंजे तू आमना गोठामा भट्टी लावाले उनी का, बाई?"

"प्यायची नाही, नाना. गाडीत घालायची."

"बरं शे. मोटारसायकल पी, आनि मी देखत ऱ्हासू."

मी हसले नाही. हसायला हवं होतं हे बसमध्ये बसल्यावर लक्षात आलं. माझं हसू बहुतेक वेळा एक स्टॉप उशिरा येतं.

त्या हंगामातलं जे आठवतं ते असं सुटं सुटं आठवतं. पऱ्हाट्या उपटताना होणारा, दात काढल्यासारखा आवाज. बायकांच्या तळव्यांवरचे ओरखडे. पिंपातल्या चुन्याच्या निवळीचा गार, भिंतीसारखा वास. काड्या चिरून त्या निवळीत भिजवल्या की मऊ पडतात, बुरशीला चावायला सोप्या जातात. मग त्या धुवायच्या, वाळवायच्या, वजन करून मोळ्या बांधायच्या, प्रत्येक मोळीला निळ्या दोऱ्याने चिठ्ठी. चिठ्ठीवर इंग्रजीत आकडे. त्या मोळ्या माळ्यावर ओळीने पडलेल्या बघून मला जे वाटायचं ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. तीन महिन्यांचे शनिवार तिथे वाळत पडले होते.

बुरशीचं मात्र काही खरं नव्हतं. ती दुसऱ्या शहरातल्या प्रयोगशाळेतून पार्सलने आली होती आणि आल्यापासून पाहुण्यासारखी बसून होती. काडीवर ठेवली की पांढरी साय धरायची आणि तिथेच थांबायची. सर एकदा म्हणाले, "फेब्रुवारी संपेपर्यंत काही हाललं नाही तर विषय बदलून टाक. लायब्ररीत बसून करता येईल असं काहीतरी घे. तुला ते चांगलं जमेल." ते प्रेमानेच म्हणाले होते. मला ते जमलं असतं हेही खरं होतं. कपाटांच्या मागे, कुणाशी न बोलता, मी आयुष्य काढू शकले असते. म्हणूनच मला तो विषय नको होता.

आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर युसूफचाचांचं सुतारकामाचं दुकान होतं. बुरशी वाढवायला मला लाकडी ट्रे हवे होते, खाली जाळी असलेले. मी कागदावर चित्र काढून दिलं होतं. चाचांनी चित्र उलटं धरून बघितलं, सरळ धरून बघितलं. "बेटा, ये क्या है? मुर्गी का पलंग?" पण ट्रे त्यांनी असे सुबक केले की त्यांत बुरशी घालायची लाज वाटावी. ते ट्रे नानांच्या घरी पोहोचवायला ते स्वतःच स्कूटरवरून आले, कारण नानांच्या घराचे दरवाजे कधीकाळी त्यांनीच केले होते आणि तेव्हा खाल्लेलं भरीत ते अजून विसरले नव्हते.

ट्रे आले तो शनिवार. आदल्या दिवशी अवकाळी पाऊस पडून गेला होता. अंगणातली माती काळीभोर झाली होती आणि बांधावरच्या पऱ्हाट्यांचा ढीग वरपासून खालपर्यंत भिजला होता. अक्का म्हणाल्या, माघात आमच्या दारात आलेला माणूस भरीत खाल्ल्याशिवाय गेला तर गाव काय म्हणेल. मला त्यांनी नानांबरोबर वांगी तोडायला मळ्यात पाठवलं. फिकट हिरवी, पांढरट पट्ट्यांची, हातात मावणार नाहीत एवढी वांगी. त्यांच्यावर पावसाचे थेंब तसेच होते. मी नऊ तोडली. नाना म्हणाले, "आखो एक. युसूफभाई शे."

आम्ही परतलो तेव्हा अंगणाच्या कडेला जाळ पेटला होता. चांगलाच पेटला होता. नाना कौतुकाने म्हणाले, "आज काड्या कशा कागदनागत पेटी ऱ्हायन्यात!"

पेटणारच होत्या. चुन्यात भिजून मऊ झालेल्या, धुऊन वाळवलेल्या, पावसापासून जपलेल्या काड्या होत्या त्या. माळ्यावरची माझी ओळ रिकामी होती. घरात तेवढ्याच कोरड्या होत्या आणि पाहुण्यांसाठी जाळ हवा होता, इतका साधा हिशेब. पाहुण्यांत मीही होते.

वांगी जाळात गेली. साली काळ्या पडून फुगल्या, फुटल्या, फुटताना सुस्कारे सोडू लागल्या. अक्का पाण्यात हात बुडवून ती सोलत होत्या, सालं तिथेच राखेत टाकत होत्या. युसूफचाचा काडीने जाळ सारत होते आणि त्यांच्या काडीला निळ्या दोऱ्याचा एक तुकडा लागला, त्याला अर्धी जळलेली चिठ्ठी. त्यांनी ती उचलली, फुंकर मारली, माझ्याकडे बघितलं. हळूच विचारलं, "बेटा, ये तेरा कागज है ना?"

मी मान हलवली. नाही म्हणून.

मग माझं नेहमीचं वाक्य म्हटलं, जे मी रिक्षावाल्याने जास्त पैसे घेतले की म्हणते, कुणी रांगेत पुढे घुसलं की म्हणते. "काही नाही. चालेल."

चाचांनी चिठ्ठी खिशात ठेवली.

लाकडी परातीत वांगी ठेचली गेली. भाजलेल्या मिरच्या, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे, वरून तेलाची चरचरीत फोडणी. केळीच्या पानावर वाढलेलं ते हिरवट, तेलाने चमकणारं भरीत, त्याबरोबर ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि मुळा. अक्का माझ्यासमोर बसून म्हणाल्या, "खाय वं पोरी. चिमनीनागत काय खास?" मी खाल्लं. दोन भाकरी खाल्ल्या. आणि आज सहा वर्षांनी मला हे लिहिताना थोडं अपराधी वाटतं, पण तसं भरीत मी आयुष्यात पुन्हा खाल्लेलं नाही. माझे तीन महिने त्यात उतरले होते, तरी ते गोड होतं. घास घशाखाली जात होता आणि डोळ्यांत पाणी येत होतं. अक्कांना वाटलं मिरची लागली, त्यांनी गुळाचा खडा दिला.

एरंडोल ते जळगाव मी खिडकीकडे तोंड करून बसले. ओढणीला धुराचा वास होता. शेजारच्या बाईंनी विचारलं, "भरीत का?" मी मान हलवली. त्या आनंदल्या.

पुढचे तीन दिवस मी कॉलेजात गेले नाही. सकाळी तलावाकाठी फिरायची, खोलीत येऊन पडायची. चौथ्या दिवशी दुकानावरून जाताना युसूफचाचांनी रंधा थांबवला. "तूने उस दिन बोला क्यों नहीं?"

"त्यांना वाईट वाटलं असतं, चाचा."

"और अब जब मालूम पडेगा, तब अच्छा लगेगा?" त्यांनी ती जळकी चिठ्ठी फळीवर ठेवली होती, रंध्याच्या डब्याला टेकवून. "बेटा, लकडी में गाँठ होती है ना, तो पहले बोलना पडता है गिराइक को. बाद में बोलो तो झगडा. मैंने सुबह नाना को फोन कर दिया."

मला त्यांचा राग आला. मग दुपारी फोन वाजला. अक्का. अक्का कधीच फोन करत नसत. नाना करत आणि त्या मागून ओरडून भर घालत. मला वाटलं, आता माफी मागतील, आणि मला 'चालेल' म्हणावं लागेल. पण त्या भलतंच बोलल्या.

"पोरी, तू एकदाव आठे ये. चुल्हाले शेंदूर लागना शे."

गेले. अंगणाच्या कडेला, जिथे तो जाळ झाला होता तिथे, कोंबड्या झाकायची वेताची टोपली उपडी घातलेली होती. भोवती रांगोळीची रेघ. वर झेंडूचं फूल. शेजारच्या घरातल्या पोरांना तिकडे फिरकायची मनाई होती. कोंबड्यांनाही होती, पण त्या ऐकत नव्हत्या. नाना खाटेवर बसून हे सगळं तटस्थपणे बघत होते.

अक्कांनी टोपली उचलली. खाली काळ्या, अर्धवट जळक्या पऱ्हाट्यांची टोकं, वांग्याची सालं, भिजलेली राख. आणि त्या काळ्यावर शेंदूर. मऊ, फुललेला, पिंजलेल्या कापसासारखा, इतका झगझगीत की डोळे आधी मिटले. टोपलीच्या वाऱ्याने त्याची पूड उडाली आणि उन्हात क्षणभर तरंगली.

"एक रातमा उनं," अक्का कुजबुजल्या. "तुन्या काड्या जळन्यात म्हनी देवी रुसनी का हासनी, मले काय समजत नही."

मला समजलं होतं. हे चित्र मी पुस्तकात पाहिलं होतं. जळालेल्या झाडोऱ्यावर येणारी शेंदरी बुरशी, झपाट्याने वाढणारी, काडी खाणारी. मी जी पार्सलने मागवत होते तिच्यापेक्षा कितीतरी कामसू. ती इथे, माझ्याच मोळ्यांच्या कोळशावर, फूल वाहून घेत बसली होती.

आणि ती बुरशी आहे हे मला सांगायचं होतं. लोणच्यावर दिसली की आपण तोंड वाकडं करून टाकतो ती. अक्कांनी जिच्याभोवती रांगोळी घातली तिला मी त्या नावाने हाक मारायची. माझ्या पिशवीत रिकाम्या नळ्या होत्या. खरं सांगायचं तर माझा पहिला विचार चोरीचा होता. अक्का पाणी आणायला आत गेल्या की चिमूटभर उचलायचं, टोपली ठेवायची, कुणाला काही बोलायचं नाही. कुणाचं मन मोडणार नाही, कुणाशी बोलावं लागणार नाही. माझा हात पिशवीत गेलाही होता.

अक्का आत गेल्याच नाहीत. माझ्याकडे बघत उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "त्या दिन तू काही बोलनी नही. आते बोल."

आणि मी बोलले. मी एवढं सलग मराठी त्याआधी कधी बोलले होते ते मला आठवत नाही. मोळ्यांचं बोलले, तीन महिन्यांचं, विषय बदलण्याचं, बसमध्ये रडल्याचं. राग आला होता हेही बोलले, भरीत फार छान झालं होतं हेही बोलले. आणि मग म्हटलं, "अक्का, ही देवी आहे की नाही मला माहीत नाही. पण ही बुरशी आहे. आणि मी हिलाच शोधत होते."

खाटेवरून नाना म्हणाले, "भरीत गोड लागनं म्हनी ना? मंग झालं. निम्मं काम व्हयनं."

अक्कांनी त्यांच्याकडे नुसतं बघितलं. मग मला विचारलं, "बुरशी म्हंजे लोनचावर येस ती?"

"तिच्याच नात्यातली."

"आनि ही तू शेळीले खावाले देशी?"

"आधी तपासणार. त्रास होणार नाही असं सरांनी सांगितलं तरच."

त्या वाकल्या, त्या शेंदराकडे जवळून पाहिलं, नाकाने वास घेतला. "पिकेल केळानागत वास शे," म्हणाल्या. मग उभं राहून पदर सारखा केला. "ली जाय. पन पयले पाया पडी ले. आपले काय मालूम, कोन कसामा ऱ्हास."

मी पाया पडले. सुई निर्जंतुक करायला मी स्पिरिटचा छोटा दिवा लावला. अक्कांना वाटलं मी दिवा लावला म्हणजे नीट रीतीने करते आहे. त्यांनी त्याला हात जोडले. दोघींचं काम त्या एका ज्योतीवर झालं.

सरांनी नळी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. कुठून आणली विचारलं. मी सांगितल्यावर ते हसले नाहीत. म्हणाले, या बुरशीचे काही बीजाणू वर्षानुवर्षं मातीत, काडीत निजून राहतात. पाऊस पडला, पीक आलं, पीक गेलं, ते उठत नाहीत. त्यांना चटका लागतो तेव्हाच जाग येते. बाकी सगळं जळून जातं आणि मग ती एकटी उठते, समोर सगळी काडी मोकळी. मी हे वहीत लिहून घेतलं. त्या ओळीखाली रेघ मारली नाही, कारण वही दुसऱ्या कुणी उघडली असती तर त्यांना वाटलं असतं की मी स्वतःबद्दल काही म्हणते आहे.

त्या हंगामाचे उरलेले दिवस शेंदरी आहेत. नव्या काड्या भिजवल्या, या वेळी अक्काही पिंपाशी उभ्या राहिल्या. काठीने ढवळत म्हणायच्या, "चुना कमी शे वं. पान खातस ते मानसं हासतीन." युसूफचाचांच्या ट्रेमध्ये तीन दिवसांत शेंदूर भरून वर आला. चाचांनी एकदा येऊन बघितला आणि म्हणाले, "मुर्गी के पलंग पे मखमल बिछा दी." गोठ्यात पिकल्या फळांचा वास भरला आणि नानांची म्हैस त्या दिशेला तोंड करून उभी राहू लागली. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत बुडबुडे आले, आणि गाळून-उकळून शेवटी पाव वाटी दारू निघाली. लोखंडी पळीत ओतून नानांनी ती पेटवली. निळी, जवळजवळ न दिसणारी ज्योत. नाना त्या ज्योतीकडे अशा नजरेने पाहत होते की मला पहिल्यांदाच वेळेवर हसू आलं.

शेळीला खाद्य दिलं तो दिवसही आठवतो. वाळवलेल्या बुरशीच्या वड्या, थोड्या भुशात मिसळलेल्या. टोपलीवर मी सवयीने चिठ्ठी बांधली होती. शेळीने टोपली हुंगली, माझ्याकडे बघितलं, आणि सगळ्यात आधी चिठ्ठी खाल्ली. मग बाकीचं. अक्का पदर तोंडाला लावून हसल्या. "तुन्या चिठ्ठ्यासना नशीबमा काही नही, पोरी. एक दाव जाळ, एक दाव शेळी."

विषय बदलावा लागला नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी विचारलं, बुरशीचा उगम काय? मी इंग्रजीत पाठ केलेलं वाक्य म्हणायला तोंड उघडलं आणि मराठीत म्हणाले, "भरिताची चूल." खोलीत हशा झाला. बाईंनी उगमाचा पत्ता लिहून घेतला. कशासाठी ते त्यांनी सांगितलं नाही.

फार मोठं काही झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या बुरशीने अजून एकाही शेताचा धूर थांबवलेला नाही. कुठे कुठे मोठ्या टाक्यांत असं काम होतं असं मी वाचते, आणि आमच्या इथे माघात खिडक्या लावाव्या लागतातच. पाव वाटीने मोटारसायकल एरंडोलपर्यंतही जाणार नाही. पण नानांच्या गोठ्यात अजून एक पिंप आहे, आणि शेळ्यांच्या खाद्यात अधूनमधून शेंदरी वड्या असतात. त्या करताना अक्का सोवळं पाळत नाहीत, पण पायात चप्पलही घालत नाहीत.

हे सगळं लिहायला बसले ते कालच्या फोनमुळे. नळ्या पांढऱ्या पडून दोन आठवडे झाले होते. रोज संध्याकाळी मी फटीतून येणारा वास घ्यायची आणि फोन हातात घेऊन ठेवून द्यायची. एका फोनने काय होणार होतं ते मला माहीत होतं: त्यांना चूल मांडावी लागणार, वांगी तोडावी लागणार, अक्कांचे गुडघे आता दुखतात. काही नाही, चालेल, असं मी स्वतःलाच म्हणत होते. काल सकाळी बाराव्या नळीतली शेवटची शेंदरी कडाही पांढरी दिसली. मग लावला.

अक्कांना आता ऐकू कमी येतं. मी हळू आवाजात म्हटलं, "अक्का, बुरशी मरायला टेकली आहे." त्या म्हणाल्या, "कोन मरनं?" मी थोडं मोठ्याने म्हटलं. त्यांना नाही कळलं. शेवटी मी बाल्कनीत गेले, तिथे आवाज नीट जातो, आणि सगळ्या सोसायटीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडले, "अक्का! मला भरीत खायचंय! चुलीवरचं!"

समोरच्या काकू कपडे वाळत घालत होत्या. त्यांच्या हातातला चिमटा तसाच राहिला.

मग अक्कांचा आवाज आला, सावकाश, मुरलेल्या लोणच्यासारखा. "करसू ना. पन काड्या कोन्ह्या जाळू? तुन्या?"

सहा वर्षं त्यांनी हे वाक्य जपून ठेवलं असणार. मागून नाना हसल्याचा आवाज आला. मीही हसले, स्टॉप न चुकवता. म्हटलं, "हो. माझ्याच."

आज एरंडोलची बस धरायची आहे. प्रयोगशाळेतली सगळ्यात चांगली मोळी मी काढून ठेवली आहे. चुन्यात भिजवलेली, धुतलेली, वाळलेली, वजन केलेली. सवयीने निळा दोरा घेतला, चिठ्ठी बांधली. मग पेन उघडून तिच्यावर मराठीत, मोठ्या अक्षरांत लिहिलं: जाळण्यासाठी.